पत्त्याचा कागद आणि नकाशावरचा बलून : आरटीई प्रवेशाचे आमचे आठ महिने

आमच्या मुलीला २०२५-२६ साठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांमधून पहिलीत प्रवेश मिळाला. पहिला कागद गोळा केला नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि ती वर्गात जाऊन बसली १६ जून २०२५ ला. मधल्या आठ महिन्यांत जे कळलं ते सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. आम्ही पुणे शहरात भाड्याने राहतो आणि अर्ज ओबीसी प्रवर्गातून केला होता. दर वर्षी तारखा आणि सूचना थोड्या बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाचं सूचनापत्रक शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवरून उतरवून घ्या आणि ते हाताशी ठेवून हे वाचा.

आधी एक गोष्ट. जागांपेक्षा अर्ज जास्त असले की सोडत काढतात, म्हणून सगळे याला 'लॉटरी' म्हणतात आणि नशिबाचा खेळ समजून अर्ज भरून मोकळे होतात. नशीब आहेच, पण लॉटरीत नाव लागूनही ज्यांचा प्रवेश कागदपत्रांच्या पडताळणीत रद्द झाला असे पालक मी पडताळणी केंद्रावर डोळ्यांनी पाहिले. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची अडचण पत्त्याची होती. एकाचा भाडेकरार नोंदणीकृत नव्हता, दुसऱ्याचा अर्जानंतरच्या तारखेचा होता, तिसऱ्याने नकाशावर घर भलतीकडेच दाखवलं होतं. म्हणून या लिखाणात पत्त्याबद्दल सगळ्यात जास्त सापडेल.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. अल्पसंख्याक शाळा यातून बाहेर आहेत, कारण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा कायदा त्यांना लागू नाही. जवळची एखादी नावाजलेली शाळा पोर्टलवर दिसत नसेल तर पहिल्यांदा हे तपासा.

आपल्याकडे अर्ज कोण करू शकतं यात पालकांचा फार गोंधळ होतो. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे आणि त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वंचित घटकाला, म्हणजे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग मुलं, अनाथ मुलं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलं यांना, उत्पन्नाची अट नाही. 'ओबीसी आहोत, पण उत्पन्न लाखाच्या वर आहे, म्हणजे आपलं जमायचं नाही' असं समजून गप्प बसलेली दोन घरं माझ्याच गल्लीत होती. जातीच्या दाखल्यावर अर्ज करणाऱ्याला नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही लागत नाही. दाखला मुलाचा किंवा वडिलांचा हवा आणि तो महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला हवा. परराज्यातला जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला चालत नाही. आमच्याकडे नवऱ्याचा दाखला होता, दुसऱ्या जिल्ह्यातल्या उपविभागीय अधिकाऱ्यांचा. तो चालला.

ज्यांच्याकडे दाखलाच नाही त्यांनी ऑक्टोबरमध्येच सेतूत किंवा 'आपले सरकार'वर अर्ज टाकावा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला गावातून आणण्यातच महिना जातो, आणि अर्जाची खिडकी दोन-तीन आठवड्यांचीच असते.

आता भाडेकरार. आमचा करार नोटरीचा होता, शंभराच्या स्टँप पेपरवरचा. पुण्यात हजारो घरं अशाच कागदावर भाड्याने दिलेली आहेत. आरटीईला तो चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या दिवसाआधीचा करार लागतो. स्वतःचं घर असेल तर रेशन कार्ड, वीजबिल, घरपट्टी, आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट अशांपैकी काहीही चालतं. भाडेकरूच्या आधारवर गावचा पत्ता असतो, म्हणून सगळा भार करारावर येतो.

घरमालकाला तयार करणं हा पूर्ण प्रक्रियेतला सगळ्यात अवघड भाग होता. त्यांना दोन भीती होत्या : नोंदणी केली की भाडेकरू हक्क सांगेल आणि आयकरवाले येतील. पहिल्या भीतीवर सांगण्यासारखं बरंच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावरच टाकलेली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर बिगरनोंदणी कराराच्या बाबतीत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणीने संरक्षण मालकालाच मिळतं. हे वाद घालायला म्हणून नाही, चहा पिता पिता सांगितलं. खर्च पूर्ण आम्ही करतो म्हटल्यावर घरमालक काका तयार झाले.

खर्चाचा हिशेब असा. भाडं ९,००० आणि परत मिळणारी अनामत ३०,०००. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते ११ महिन्यांचं एकूण भाडं अधिक अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम यांवर लागतं. आमच्या बाबतीत ते तीनशेच्या आत आलं. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० (ग्रामीण भागात ५००), दस्त हाताळणी ३०० आणि घरी येऊन थंब (अंगठ्याचे ठसे) घेणाऱ्या एजंटचे ८००. सगळे मिळून २,४०० च्या आसपास. ६ डिसेंबरला थंब झाले आणि चार दिवसांत नोंदणी क्रमांकासह करार आणि सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) हाती आली. सूची दोन जपून ठेवा, पुढे ती कामाला आली.

एजंटकडून मसुदा आला की त्यात पत्ता कसा लिहिलाय ते अक्षर न् अक्षर वाचा. आमच्या मसुद्यात सर्व्हे नंबर आणि गावाचं जुनं नाव होतं, इमारतीचं नाव नव्हतंच. मी ते घालायला सांगितलं. पण विंगचा उल्लेख राहून गेला, तो पडताळणीच्या दिवशी आठवला.

डिसेंबरात पालकांना करण्यासारखं पोर्टलवर काही नसतं, कारण तेव्हा शाळांची नोंदणी चालू असते. शाळा आपली माहिती भरते, प्रवेशाचा पहिला वर्ग कोणता आणि जागा किती ते दाखवते आणि गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचे प्रशासन अधिकारी ते तपासतात. हा काळ मी शाळांची माहिती काढण्यात घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुणे जिल्ह्याचा २७२५ ने. केंद्राच्या यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' विभागात शाळा शोधली की तिचं रिपोर्ट कार्ड उघडतं : इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, रॅम्प, माध्यम, मंडळ. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून ती अंतिम सत्य धरू नये. पण विसंगती लगेच डोळ्यांत भरते. आमच्या यादीतल्या एका शाळेत पट ६०० च्या वर आणि शिक्षक अकरा होते. दुसऱ्या एका शाळेची नोंद सातवीपर्यंतचीच होती. तिथे नंबर लागला असता तर आठवीला काय, हा प्रश्न आत्ताच उभा राहिला असता. तिसऱ्या शाळेचा पहिलीचा पट सतत घटत होता, म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर इमारतीचं भाडं थकल्याची चर्चा होती. अशा शाळा यादीतून आधीच काढता आल्या.

याच रिपोर्ट कार्डांत महापालिकेची शाळाही पाहिली. खोल्या जास्त, मैदान मोठं, शिक्षक पुरेसे. आरटीईत नंबर लागला नाही तर तिथे घालायचं हे आम्ही डिसेंबरातच ठरवलं आणि मुख्याध्यापिकांना भेटून आलो. कायद्याच्या कलम १४ आणि १५ प्रमाणे वयाचा पुरावा नाही किंवा उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे तो दरवाजा उघडाच होता. हा हातचा धरून ठेवल्यामुळे पुढचे दोन महिने घरात ताण कमी राहिला. ज्यांनी असा दुसरा पर्याय ठेवला नव्हता त्यांची फेब्रुवारीतली घालमेल मी पाहिली आहे. तुम्हीही ठेवा.

त्या वर्षी वेळापत्रकाबद्दल सगळ्यांच्या मनात धाकधूक होती, त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, शासनाने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली. शहरात अशी सरकारी शाळा कुठे नसते? म्हणजे खासगी शाळा यादीतून जवळजवळ गायबच झाल्या. ६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, अर्ज पुन्हा मागवले गेले आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द झाली. त्या वर्षीची मुलं शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटल्यावर वर्गात पोचली. म्हणून २०२५-२६ ची प्रक्रिया लवकर सुरू झाली तेव्हा हायसं वाटलं.

अर्ज १४ जानेवारी २०२५ ला सुरू झाले. मुदत २७ जानेवारी होती, ती २ फेब्रुवारीपर्यंत वाढली. मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रडतखडत चालतं आणि ओटीपी येत नाही. आणि पहिल्याच दिवशी तुटून पडायचीही गरज नाही, आधी भरणाऱ्याला प्राधान्य नसतं. आम्ही १९ जानेवारीच्या रविवारी पहाटे भरला.

अर्जाला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेत शंभर-दीडशे घेतात. पण महापालिकेने आणि पंचायत समित्यांनी नेमलेली मदत केंद्रं असतात, तिथे फुकट भरून देतात. 'नंबर लावून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वयाचं गणित आधी करा. पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला सहा वर्षं पूर्ण हवीत. त्या वर्षी जन्मतारखेची चौकट १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ अशी होती. शाळेचा प्रवेशवर्ग नर्सरी किंवा ज्युनिअर केजी असेल तर चौकट वेगळी. त्यामुळे एकाच घराशेजारच्या दोन शाळांपैकी एकच यादीत दिसते आणि लोकांना वाटतं पोर्टल बिघडलं. पोर्टल बिघडलेलं नसतं. दुसऱ्या शाळेची राखीव जागा नर्सरीत असते आणि आपलं मूल त्या वयाच्या पुढे गेलेलं असतं. ज्यांची मुलं आज अडीच-तीन वर्षांची आहेत त्यांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं. पहिलीपर्यंत थांबलात तर तशा शाळांची संधी कायमची जाते.

मुलीचं नाव जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच भरलं. एका मुलासाठी एकच अर्ज. दोन अर्ज सापडले तर दोन्ही लॉटरीतून बाद होतात. एक मी भरला, एक मुलीच्या काकांनी भरला, असं नकळतही घडतं, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मग येतो नकाशा. घराच्या जागी लाल बलून ठेवायचा आणि त्यावरून पोर्टल शाळांचं अंतर काढतं : एक किलोमीटरच्या आत, एक ते तीन, तीनच्या पुढे. निवड याच क्रमाने होते. शहरातल्या मागणी असलेल्या शाळेच्या जागा पहिल्या गटातच संपतात, त्यामुळे तीन किलोमीटरच्या पुढची शाळा टाकणं म्हणजे यादीतली एक ओळ वाया घालवणं. बलूनची जागा जास्तीत जास्त पाच वेळाच निश्चित करता येते. मोबाइलवर घरात बसून 'माझं ठिकाण' दाबलं तर तो शेजारच्या चौकात जाऊन बसला. म्हणून लॅपटॉप उसना आणला, उपग्रहाचं चित्र लावलं, पाण्याच्या टाकीवरून आमची इमारत ओळखली आणि तिच्या छतावर बलून ठेवला. दुसऱ्या प्रयत्नात काम झालं.

बलून शाळेकडे थोडा सरकवला की अंतर एक किलोमीटरच्या आत येतं, हे करताना प्रत्येकाला दिसतं. मोहही होतो. आमच्या पसंतीची एक शाळा पोर्टलवर १.१ किलोमीटर दाखवत होती आणि तिसऱ्या इमारतीवर बलून ठेवला असता तर ती पहिल्या गटात आली असती. तो सरकवू नका. पडताळणीत बलूनची जागा आणि कागदावरचा पत्ता समोरासमोर ठेवून पाहतात. जुळलं नाही तर प्रवेश रद्द होतो, आणि आपण अडवलेली जागा खरोखर जवळ राहणाऱ्या मुलाच्या हातून तेवढे आठवडे गेलेली असते.

दहा शाळा निवडता येतात. दहा भरायच्याच असं नाही. नंबर लागलेल्या शाळेत प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत आपला विचार होत नाही, त्यामुळे जिथे पाठवायचं नाही ती शाळा यादीत नकोच. आम्ही सहा टाकल्या. प्रत्येक शाळेपर्यंत शाळा सुटायच्या वेळी चालत जाऊन आलो : रस्ता ओलांडावा लागतो का, पावसात पाणी साचतं का, रिक्षा किती घेते. शेवटी अर्ज निश्चित केला, प्रिंट काढली आणि अर्ज क्रमांक-पासवर्ड वहीत लिहिला. निश्चित न करता नुसता जतन केलेला अर्ज लॉटरीत जात नाही. चुकीचा भरला गेला असेल तर मुदतीच्या आत रद्द करून नवा भरता येतो, नंतर नाही.

त्या वर्षी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागांसाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले. सरासरीने तीन मुलांमागे एक जागा. पण सरासरी फसवी आहे. पुण्या-मुंबईतल्या नावाजलेल्या शाळांवर उड्या पडतात आणि लहान गावांतल्या कितीतरी जागा रिकाम्या राहतात.

लॉटरी १० फेब्रुवारीला निघाली आणि मेसेज १४ पासून आले. आम्हाला आला नाही. मेसेजवर विसंबू नका असं सूचनेतच लिहिलेलं असतं, म्हणून रात्री पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहिली. निवड यादीत नाव नव्हतं, दोन शाळांच्या प्रतीक्षा यादीत होतं. एकीत चौथा क्रमांक, दुसरीत एकोणीसावा. त्या रात्री वाईट वाटलं. चौथा म्हणजे जवळही नाही आणि लांबही नाही.

पहिल्या फेरीच्या प्रवेशांची मुदत २८ फेब्रुवारी होती, ती १० मार्चपर्यंत वाढली. त्या काळात शाळेत जाऊन विचारण्यात अर्थ नाही, प्रतीक्षा यादी शाळा चालवत नाही. जागा रिकामी का होते हे समजलं की धीर धरता येतो : कोणाचे कागद बाद होतात, कोणी गाव सोडतं, कोणाला शाळा लांब पडते. पडताळणी केंद्रावरच्या शिक्षकांनी सांगितलं, "ताई, पाचाच्या आतला नंबर असेल तर कागद तयार ठेवा." मी ठेवले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्थिती बदललेली दिसली. मेसेज दुसऱ्या दिवशी आला.

हातात जेमतेम आठवडा असतो. निवडपत्र आणि हमीपत्र पोर्टलवरून छापलं, सगळ्या मूळ कागदांसोबत झेरॉक्सचे दोन संच घेतले, फोटो घेतले. रांग सकाळी नऊलाच लागलेली होती. पडताळणी समितीने आधी जन्मदाखला पाहिला, मग जातीचा दाखला, आणि करारावर आल्यावर थांबली. नकाशावर बलून बी विंगवर, करारात विंगच नाही.

"विंग कशावरून?"

मी सूची दोन, वीजबिल (मालकांच्या नावाचं, पण त्यावर विंग आणि फ्लॅट क्रमांक होता) आणि सोसायटीचं पत्र पुढे केलं. फ्लॅट क्रमांक तिन्हींवर एकच होता. दहा मिनिटं आपसात बोलणं झालं आणि सही झाली. करारातला एक राहिलेला शब्द आणि ती दहा मिनिटं. माझ्या पुढच्या पालकांचा करार २१ जानेवारीचा आणि अर्ज १८ जानेवारीचा होता. त्यांना परत जावं लागलं. बाई रडत होत्या आणि कोणालाच काही करता येत नव्हतं.

नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा आणि त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, फेरी संपल्यावर नाही. मान्य झालं तर समितीने पोर्टलवर प्रवेशाची नोंद केली आहे हे तिथेच स्क्रीनवर पाहून पावती घ्या. नंतर मुदतीच्या आत शाळेत जाऊन हजर व्हायचं.

शाळेत गेल्यावर 'मुलीशी पाच मिनिटं बोलतो' असं म्हणाले. कलम १३ प्रमाणे मुलाची किंवा पालकांची छाननी करता येत नाही. पहिल्यांदा तसं केल्यास २५ हजारांपर्यंत दंड आहे. मी एवढंच म्हटलं, "सर, समितीची पावती आणली आहे, प्रवेश झालेला आहे." त्यांनी विषय सोडला. पुढे 'ॲक्टिव्हिटी फी'चा कागद आला तेव्हा लेखी विचारलं की ही रक्कम कशाची आणि आरटीईच्या मुलांना लागू आहे का. उत्तर म्हणून नवा कागद आला, त्यात ती नव्हती. तोंडी वाद घालण्यापेक्षा दोन ओळींचं पत्र आणि पोच बरी.

शाळांची बाजूही समजून घ्यायला हवी. शासन प्रत्येक मुलामागे प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, देतं. ही रक्कम सरकारी शाळेतला दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी कमी असेल ती असते, आणि आपल्याकडे ती वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली आहे. पैसे पालकांच्या खात्यात येत नाहीत, थेट शाळेला जातात, आणि अनेक शाळांचे ते वर्षानुवर्षं थकलेले आहेत. मोठी फी घेणाऱ्या शाळेला ही रक्कम तुटपुंजी वाटते, आणि छोट्या शाळेत तर थकबाकीमुळे शिक्षकांचे पगार अडतात. तो राग पालकांवर निघू नये एवढंच, कारण शासनाने वेळेवर पैसे देणं पालकांच्या हातात नाही. मुलांना वेगळं बसवणं, वेगळ्या वेळी शिकवणं हे नियमांत सरळ मना आहे. मुलीच्या वर्गात असं काही नाही, पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम पाहिलं.

फी माफ झाली तरी वर्ष फुकटात जात नाही. गणवेश, बूट, पुस्तकं-वह्या मिळून आमचे जूनमध्ये ६,१०० गेले. व्हॅन लावली नाही, चालत सोडतो. गणवेश आणि पुस्तकांबद्दल शाळेशी जूनच्या आधीच बोला. वरच्या वर्गातल्या मुलींचे गणवेश पालक आनंदाने देतात, विचारायचा तेवढा संकोच असतो.

ही जागा त्या शाळेतली आहे. घर बदललं म्हणून ती आपोआप दुसऱ्या शाळेत जात नाही, म्हणून करार संपला तेव्हा घरमालक काकांशी बोलून आम्ही याच घरात राहायचं ठरवलं आणि नवा करारही नोंदवलाच. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच, म्हणजे मुलीच्या बाबतीत २०३२-३३ पर्यंत. नववीपासून पूर्ण फी. त्यासाठी ऑगस्टपासून पोस्टात महिना पाचशेचं आवर्ती खातं उघडलं आहे, आणि त्याचं पासबुक त्याच फाइलमध्ये ठेवलं आहे, सूची दोनच्या मागे.